रसवंतीपासून चाळीस पावलं

२२ सप्टेंबर २०२४

मुस्कान,

न उघडता फाडणार असशील तर फाड. पण जरा जपून, आत फोटो आहे.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस. व्हॉट्सॲप बंद, इन्स्टा बंद. अंकितला लावला तर तो "दीदी कामात आहे" म्हणाला आणि ठेवून दिला. एवढासा होता तो, आपण त्याला सायकल शिकवली, आणि आता माझ्याशी असा बोलतो! मग राहिलं काय? पोस्ट. पोस्टमनला तर तू ब्लॉक करू शकत नाहीस.

आधी तेच बोलून टाकते. तुझे पप्पा गेले त्या रविवारी मी मुंबईत होते. सोमवारी व्हिसाची तारीख होती, म्हणून शनिवारीच रात्रीच्या बसने निघाले होते. तुला मेसेज केला तो मुंबईतूनच. तसा मेसेज करायला नको होता, हे मान्य. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेल्या हातांचं चित्र. दीपचंदकाकांसाठी चित्र! माझं डोकं ठिकाणावर होतं का? पण मुंबईहून मी पोचणार कशी होते, तूच सांग.

इथं येऊन चार आठवडे झाले. रोज काहीतरी बघून तोंड उघडं पडतं, ते मिटेपर्यंत दुसरं काहीतरी होतं. नेदरलँड म्हणजे फुलं आणि पवनचक्क्या एवढंच आपल्याला माहीत. त्या आहेत. पण माणसं! माय वं, माणसं मला अजून कळलेली नाहीत.

एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी मी वरच्या खोलीत राहते. हॅनीआजी आणि पीटआजोबा. आजी-आजोबा हे माझं मनातलं. तोंडावर नुसतं 'हॅनी' आणि 'पीट' म्हणायचं. पंचाहत्तरीच्या बाईला नावाने हाक! पहिल्यांदा मारली तेव्हा वाटलं, आता नाना कुठून तरी येऊन थोबाडीत देतील. पहिल्या दिवशी आजींनी चहा दिला, बिस्किटांचा डबा पुढे केला. मी एक घेतलं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवून दिला. खट्! मी अजून चावतेच आहे. आपल्याकडे कुत्र्याला टाकताना सुद्धा दोन टाकतात गं.

वर्गातल्या एका मुलीकडे, लोटेकडे, वही आणायला गेले होते. सहा वाजले होते. तिची आई दारात म्हणाली, "आम्ही आता जेवायला बसतोय." मला वाटलं, आता ताट येणार. मी बूट काढायला वाकले. तर बाई म्हणते, "म्हणजे तू आता नीघ." रागाने नाही, छान हसून! सायकलवरून परत येताना मला हसावं की रडावं कळेना.

सहाला जेवण म्हटल्यावर तुमचं घर आठवलं. तुमच्याकडेही दिवस बुडायच्या आत उरकायचं. माझी ब्राह्मणपुरीची बस साडेसहाची. काका दुकानातूनच ओरडायचे, "तारा, पाटलाची पोर आली, पोळी टाक!" मला भूक आहे का, हे कॉलेजच्या तीन वर्षांत तुमच्या घरात कोणी विचारलं नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. काकूंना माझा पवनचक्कीसमोरचा फोटो दाखव.

भूमी


२४ नोव्हेंबर २०२४

मुस्कान,

तुझं उत्तर नाही. पण पत्रही परत आलं नाही, म्हणजे घेतलंस. सध्या एवढ्यावरच मी खूश आहे.

इथं रडायला सुद्धा वेळ घ्यावी लागते, खोटं नाही सांगत. दिवाळीच्या दिवशी मला राहवेना. लोटेला म्हटलं, जरा बोलायचंय, फार एकटं वाटतंय. तिने लगेच डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाली, "मंगळवार चालेल? तीन आठवड्यांनी?" आता तीन आठवडे रडू मी कुठे ठेवू? त्या मंगळवारी ती बरोबर चारला आली, केक घेऊन, अगदी मनापासून ऐकायला. तोवर मी कशासाठी रडत होते तेच विसरले होते.

एक माणूस मात्र वेळ न घेता भेटतो. पीटआजोबा. एक्क्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर भाजीचं बियाणं केलं. मागच्या अंगणात त्यांची लाकडी खोली आहे, आणि तिथे भिंतभर बियांची पाकिटं. पहिल्यांदा आत गेले आणि मला तुमचं दुकानच आठवलं, फक्त फवारणीच्या औषधांचा वास नव्हता. आजोबा बी तळहातावर घेतात, फुंकर मारतात आणि उजेडाकडे धरून बघतात. अगदी काका करायचे तसं. मी थक्क होऊन बघतच राहिले.

मग मी त्यांना काकांबद्दल सांगितलं. आमचे नाना कापसाचं बियाणं घ्यायला आले होते आणि मला परदेशात पाठवायचं नाही म्हणून अडून बसले होते, तो दिवस तुला आठवतो ना? काकांनी बियाण्याची पिशवी काउंटरवर ठेवली, पण सोडेचनात. म्हणाले, "हिंमतराव भाऊ, पोरले जाऊ द्या. बियानं चांगलं शे, तठेबी उगी." नाना म्हणाले, "शेठ, तुम्हनी पोर राहती तं?" तर काका म्हणाले, "हाई मन्हीच पोर शे ना!" नानांनी पिशवी उचलली. त्या पिशवीसोबत माझी परवानगी घेऊनच ते घरी आले.

आजोबा खूप हसले. मग म्हणाले, "ते गेले तेव्हा तू होतीस का तिथे?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. नुसतं हो नाही, पुढे सांगत सुटले. पाऊस होता, दारासमोर पांढरी ताडपत्री बांधली होती, तिच्या एका कोपऱ्यातून पाणी गळत होतं आणि खाली अंकित अनवाणी उभा होता. हे सगळं मी फोटोत बघितलंय. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला होता. फोटोतच बघितलं असणार, दुसरं कुठे बघणार?

इथे चार वाजताच अंधारून येतं. आता थांबते.

भूमी


९ फेब्रुवारी २०२५

मुस्कान,

पीटआजोबा गेले. परवा, शुक्रवारी सकाळी. नाश्त्याच्या टेबलावर पेपर वाचता वाचता मान खाली गेली ती गेलीच.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. मी काय बघतेय आणि काय करून बसलेय, ते कोणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

डॉक्टर आले, बघून गेले. हॅनीआजी खुर्चीत बसून होत्या. रडणं नाही, ओरडणं नाही. मी वाट बघत होते, आता माणसं येतील, कोणी आजींना धरेल, कोणी पाणी देईल. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, चिटपाखरू फिरकलं नाही. मला वाटलं, कोणाला कळलंच नसेल. आपल्याकडे मयत झालं की सांगावा द्यायला कोणीतरी धावतं की नाही? मग धावायला घरात दुसरं होतं कोण? मी तशीच, स्लीपर घालून, थंडीत, गल्लीतली सहा घरं पालथी घातली. बेल वाजवायची आणि सांगायचं, "पीट गेले. चला, हॅनी एकटीच आहे."

एकही माणूस आला नाही गं! सगळ्यांनी तोंडावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "हॅनीने पाठवलंय का तुला?" मी नाही म्हटलं की म्हणत, "मग आम्ही कार्डाची वाट बघतो." मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. कार्ड! मयताचं आमंत्रण येतं इथे, छापून, पाकिटात, लग्नाच्या पत्रिकेसारखं. कधी यायचं, किती वाजेपर्यंत थांबायचं, सगळं त्यावर असतं.

परत आले तर आजी दारात उभ्या. कोणीतरी फोन केला होता त्यांना. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. त्या म्हणाल्या, "भूमिका, ही बातमी माझी होती. कोणाला, केव्हा, कशी सांगायची ते मी ठरवणार होते. तू ती माझ्याकडून घेतलीस."

मुस्कान, माझ्या कानशिलात कोणी मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

आणि हे तर काहीच नाही. दुपारी काळ्या कोटातली दोन माणसं आली. मला वाटलं, न्यायला आली. तर त्यांनी आजोबांना आंघोळ घातली, त्यांचा निळा स्वेटर घातला आणि पुढच्या खोलीत पलंगावर निजवलं. पलंगाखाली थंड ठेवायचं यंत्र लावलं आणि निघून गेली. आजोबांना गुरुवारपर्यंत घरीच ठेवणार! सात दिवस! मुलगा कॅनडाहून यायचाय, म्हणून. मी खाली उतरते तर स्वयंपाकघराचा रस्ता त्याच खोलीतून. आजी त्यांच्या शेजारी बसून पाव खातात. कॉफी करतात. त्यांना पेपर वाचून दाखवतात!

आपल्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात. मी शुक्रवारी दिवसभर उपाशी राहिले. कोणीतरी भाकरी आणेल, असं खरंच वाटत होतं मला. कोणी आणली नाही. दोनदा डोक्यावरून आंघोळ केली आणि दार लावून बसले. संध्याकाळी आजींनी दारावर टकटक करून सूप ठेवलं. ज्यांच्या घरात मयत पडलंय, त्याच बाईने मला जेवू घातलं. लाज वाटली, पण प्यायले.

भूमी


१४ फेब्रुवारी २०२५

मुस्कान,

काल आजोबांना निरोप दिला. आज खरं ते लिहिणार आहे, म्हणून आधी बाकीचं भराभर सांगते.

मंगळवारी कार्डाप्रमाणे संध्याकाळी सात ते साडेआठ लोक आले. सातला रांग, साडेआठला घर रिकामं. मला त्या खोलीत जाण्याचा धीर होत नव्हता, म्हणून मी बाहेर दाराशी पायरीवर बसले. स्वेटरवर स्वेटर घालून, आपल्याकडे बसतात तशी. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून चमकायचा. कोणी विचारलं, "किल्ली विसरलीस का?"

सगळे गेल्यावर आजी बाहेर आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे दारावर येतात. बोलायचं नसतं. नुसतं येऊन बसायचं. आम्ही गुजर 'द्वारदर्शन' म्हणतो, माझ्या मैत्रिणीकडे 'उठावणा' असतो. वेळ चुकली तर नंतर जायचं, पण जायचंच. दारावर न येणारा माणूस आयुष्यभर लक्षात राहतो. आजींनी ऐकून घेतलं. मग त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, त्या गारठ्यात, आणि पहिल्यांदा रडल्या. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "पीटने मला तुझ्या त्या बियाणेवाल्या काकांचं सांगितलं होतं. पाऊस, ताडपत्री, सगळं. त्यांना बरं वाटलं होतं की तू होतीस."

आणि मला राहवलं नाही. त्यांना सांगितलं ते आता तुला सांगते.

मी मुंबईत नव्हते, मुस्कान. माझी बस रविवारी संध्याकाळी साडेपाचची होती, शहाद्याहूनच. अनुसयाआत्या मला सोडायला आली होती. घरून निघताना तिने माझ्या हातावर दही-साखर ठेवली, कपाळाला कुंकू लावलं. एसटी स्टँडवर चारला उतरलो आणि नारळ घ्यायला दुकानात गेलो, तर दुकानदारच म्हणाला, दीपचंदशेठ सकाळी गेले, आता काढतीलच. मी बॅग आत्याच्या अंगावर टाकली आणि निघाले. आत्याने हात धरला. "कथी चालनी तू? चांगला कामले निघनी शे, कपाळवर कुकू शे. मयतना दारवर जावानं नही. तुन्हा विसा गया समज!"

मी हात झटकला. आले. शपथ सांगते, आले मी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, बंद रसवंतीच्या कोपऱ्यावर. तिथून तुमचं दार चाळीस पावलं. ताडपत्री बघितली, गळणारं पाणी बघितलं, अंकितला बघितलं. आणि मनात आलं, खरंच व्हिसा नाही मिळाला तर? आत्याने सांगितलंय ते खरं निघालं तर? एम.एस्सी.ला निघालेली मी! बियाण्यातले जीन शिकायला निघालेली! आणि त्या कोपऱ्यावर उभी राहून मी ओढणीने कपाळाचं कुंकू पुसायला लागले. म्हटलं, कुंकू पुसलं तर चालेल. पुसता पुसता हातच थांबला. मग वळले आणि स्टँडवर आले. आत्याने पुन्हा कुंकू लावलं.

मेसेज बसमधून केला. मुंबईचं खोटं तेव्हाच सुचलं.

ज्या माणसाने नानांसमोर मला 'मन्हीच पोर' म्हटलं, ज्याच्यामुळे तो व्हिसाचा अर्ज भरला गेला, त्याच्या दारावर मी त्याच व्हिसासाठी गेले नाही. सहा महिने मी इथल्या लोकांना दगड म्हणत होते. यांनी निदान कार्ड बघून वेळेवर येऊन हात तरी मिळवला.

आजींना मी म्हटलं, तुमचं बरंय. पीट सात दिवस थांबतील, कॅनडाहून मुलगा पोचेल. आमच्याकडे थांबत नाहीत, संध्याकाळच्या आत नेतात. एकदा चुकलं की चुकलं. आजी म्हणाल्या, "मग आता जा." मी म्हटलं, आता तिथे कोण आहे? त्या म्हणाल्या, "मुलगी आहे ना?" या लोकांचं हे असं, सरळ तोंडावर.

काल सगळं झाल्यावर कॉफी आणि केक होता. मयतावरून आल्यावर क्रीमचा केक! मी डोळे मिटून खाल्ला.

सुट्टी जुलैत आहे. तू म्हणशील तर येते. नको म्हणशील तर या पत्राचंही उत्तर देऊ नकोस, मी समजेन.

भूमी


२१ मार्च २०२५
शहादा

भूमी,

चारही पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही. मम्मीला वाचून दाखवली, बिस्किटाचं तिने दोनदा वाचायला लावलं. काकूंना सांग म्हणावं, दोन डबे पाठवते, असं म्हणाली. कोणत्या काकूंना ते तिलाच माहीत. तुझ्या त्या हॅनीला असेल.

मेसेजचा मला राग नव्हता. दोन दिवस आला, मग गेला. 'मी मुंबईत होते' याचा होता. पहिल्या पत्रात तू पुन्हा तेच लिहिलंस, दुसऱ्यात ताडपत्रीचं पाणी फोटोत बघितलंस. आपल्या ग्रुपवर असा फोटो कोणी टाकलाच नव्हता. म्हणून उत्तर दिलं नाही. म्हटलं बघू, किती पत्रांनी खरं सांगते.

मला पहिल्यापासून माहीत होतं. मी वरच्या खिडकीत होते. खाली बायका नवकार मंत्र म्हणत होत्या, मला तिथे बसवेना म्हणून वर गेले होते. रसवंतीपाशी तुझी पिवळी ओढणी दिसली. तू ओढणी तोंडाला लावलीस, मला वाटलं रडतेय, येईल आता. खाली खांदा द्यायला माणसं वाकली होती. मी खिडकीतून ओरडले, "अंकित, थांबव. भूमी आली."

आणि त्याने थांबवलं, भूमी. तू पहिल्या पत्रात विचारत होतीस ना, फोनवर तो तुझ्याशी असा का बोलला? म्हणून. पावसात सगळी गल्ली उभी, अंधार व्हायच्या आत नदीवर पोचायचं होतं, आणि त्याने हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं. मी खाली येऊन दारात उभी राहिले. चाळीस पावलांना किती वेळ लागतो? आम्ही अर्धा तास थांबलो. मामा तीनदा म्हणाले, "अजून कोण यायचंय?" तिसऱ्यांदा मला नाव सांगता आलं नाही. मग मीच म्हटलं, उचला.

तू लिहिलंस, आपल्याकडे थांबत नाहीत. पप्पा थांबले होते.

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण अजून झालेलं नाही. तू ये, दारावर बस, मग बघू. आत्याला स्टँडवरच सोडून ये. आणि ते तुझं तिथलं डायरी काढून वेळ घेणं इथे नको. सहाच्या आत आलीस तर पोळी गरम मिळेल.

मुस्कान